कंपनीने काय कळवलं होतं

आम्ही तिघी डिस्को गायचो, हे आमच्या अल्फारेटा गावच्या मराठी मंडळात कुणाला खरं वाटत नाही. पण १९७८ साली शिकागोत मी, पद्मिनी आणि सरला मिळून ‘मोगरा गर्ल्स’ होतो. ब्लाउजांना घरीच टिकल्या लावायच्या, नवऱ्यांना मुलांपाशी बसवायचं आणि शनिवारी क्लबात गायला उभं राहायचं. दोन वर्षं चालली ही कारकीर्द. एक रेकॉर्डही निघाली. मग एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने ऑडिशन घेतली, नकार कळवला आणि सगळं आटोपलं.

नकार कळवला, असं मी दोघींना सांगितलं. कंपनीकडे नंबर माझा होता, कारण इंग्रजी फाडफाड बोलणारी मीच.

गेल्या महिन्यात पद्मिनीच्या नातीने, इशिताने, ती रेकॉर्ड इंटरनेटवर टाकली. मंडळाला अचानक आमचा पुळका आला; दिवाळीला गा म्हणाले. सरला फ्रिस्कोहून विमानाने यायला एका पायावर तयार. पद्मिनी मात्र नाहीच म्हणाली, म्हणून मी तिची समजूत काढायला गेले.

“लतिका, आपल्याला कंपनीनेच रिजेक्ट केलं होतं ना,” ती पोहे परतत म्हणाली. “त्यानंतर मी पोरांना अंगाईसुद्धा म्हटली नाही गं. लाज वाटायची.”

पंचेचाळीस वर्षं ही बाई माझ्या एका थापेपायी गप्प बसली होती. मला स्वतःची किळस आली.

“मी खोटं बोलले,” मी म्हणाले. “त्यांचा होकार आला होता. मीच दडवला.”

तिने गॅस बंद केला. “का?”

“आमच्या यांचं ग्रीन कार्ड अडकलं होतं. टूरवर कशी येणार होते मी?”

हीसुद्धा थापच. ग्रीन कार्ड येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ती मला घराबाहेर काढेल असं वाटलं होतं. तिने मला मिठी मारली.

“म्हणजे आपण चांगल्या होतो,” ती रडत म्हणाली. “तिघीही. जाऊ दे, तुझाही संसार होता.”

खरं तर तेव्हा कंपनीतून फोन करणाऱ्या माणसाला फक्त पद्मिनी हवी होती. बाकीच्या दोघी नकोत, असं तो स्वच्छ म्हणाला होता. माझा जळफळाट झाला आणि तिला यात रस नाही, असं सांगून मी फोन ठेवला. हे आता तरी पद्मिनीला सांगायला हवं होतं. पण ती मिठी मला सोडवेना.

तोवर तिने सरलाला फोन लावलासुद्धा. “सरले, आपण तिघी सिलेक्ट झालो होतो.” पलीकडे सरला हुंदके द्यायला लागली.

पद्मिनीने फोन माझ्या हातात दिला. “तूच सांग तिला. तिच्या आवाजाबद्दल काय म्हणाले ते?”

“सरले, तुझा आवाज तर त्यांना फारच आवडला होता,” मी सांगायला लागले.