काचेची आतली बाजू

तिने काच कडेला धरून साबणाच्या कोमट पाण्यातून बाहेर काढली, थेंब निथळू दिले आणि मऊ कातड्यावर ठेवली. आधी आतली बाजू, मग बाहेरची. बाहेर डाग राहिला तर गिऱ्हाईक सदऱ्याच्या टोकानेही पुसून घेतं. आत राहिला तर सगळं घड्याळ पुन्हा उघडावं लागतं. म्हणून आतल्या बाजूला घाई करायची नाही, श्वाससुद्धा बेताने सोडायचा. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं, तिचे पाय स्टुलावरून जमिनीला टेकत नसत तेव्हा. रबरी फुग्याने शेवटची फुंकर मारून तिने काच उजेडात तिरकी केली. कणही नव्हता.

"आण इकडे," बाबांनी हात पुढे केला.

"आज मी बसवू?"

"तुझं पुसणं फर्स्टक्लास आहे. तेच कर ना बाई."

गल्ल्यावरचा धाकटा भाऊ मोबाइलमधून मान वर न करता हसला. दोन धंदे बुडवून तो दुकानात आला होता. आणि काल जेवताना बाबांनी सांगून टाकलं होतं, की पुढच्या महिन्यापासून कामाच्या टेबलावर तो बसेल. ते टेबल आपलं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. घास हातात तसाच राहिला.

बाबांनी काच घेतली. पूर्वी त्यांची बोटं डोळे मिटूनही कड शोधायची. आता अंगठा काचेच्या आतल्या बाजूवर अख्खा टेकला. त्यांना दिसलं नाही. तिला दिसलं. दाबयंत्राचा दांडा खाली आला, टक्क झालं. मग घड्याळाचं यंत्र आत बसलं, मागचं झाकण लागलं.

"अशी बसली पाहिजे," ते म्हणाले.

एरवी बाबा दुपारी मागच्या खोलीत आडवे झाले की ती तेच झाकण उघडायची, यंत्र बाहेर काढायची, काच आतून पुसायची आणि हत्यारं होती तशी परत मांडून ठेवायची. बाबांच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून हे असंच चाललं होतं. घड्याळजींचा हात अजून तसाच आहे, असं सगळी गल्ली म्हणायची. ती ऐकून घ्यायची, आणि तिला बरंच वाटायचं.

आज बाबा आत जाऊन घोरू लागले, तरी ती जागची हलली नाही.

चार वाजता डॉक्टरीणबाई आपलं ते घड्याळ न्यायला आल्या. घड्याळ त्यांनी मनगटावर चढवलं, उतरवलं, उजेडात धरलं.

"घड्याळजी, हे आत काय दिसतंय? बोट उमटलंय कुणाचं तरी."

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं. घड्याळ जवळ नेलं, लांब नेलं.

"काय गं," ते मोठ्याने म्हणाले, "काच नीट पुसली नाहीस?"

"ताई, चहाच्या बशीत धुतलीस की काय?" धाकटा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "असू दे हो, होतं कधी कधी. मी भाजी घेऊन येते, तोवर करून ठेवा."

त्या गेल्या. बाबांनी धाकट्याला सेल आणायला कोपऱ्यावर पिटाळलं. तो वळला तसा त्यांचा आवाज खाली आला.

"रोज उघडून पुसतेस. आजच काय झालं?"

तिच्या हातातलं कातडं थांबलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दृष्टी गेली, अक्कल नाही गेली."

"मग काल..."

"पोरगा आहे तो. त्याला कुठे तरी बसवायला नको? तू काय, तू सांभाळून घेतेस." त्यांनी भिंग खिशात टाकलं. "आता त्याच्याही मागून जरा बघत जा. घरातली गोष्ट घरात राहते."

मग तिने घड्याळ उघडलं, यंत्र बाहेर काढून बाजूला ठेवलं आणि काचेसकट मोकळी चौकट बाबांच्या पुढ्यात सरकवली. शेजारी कातडं ठेवलं.

"आजची तुम्ही पुसा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, पण वाद घातला नाही. कातडं बोटाला गुंडाळून ते आतून पुसू लागले, हळूहळू, गोल गोल, शिकवताना पुसायचे तसंच. ठसा गेला नाही. पसरला, आणि काचेभर एक धुरकट साय धरली. त्यांनी चौकट खिडकीकडे उंच धरली. मग हात तसाच ठेवून मान तिच्याकडे वळवली.

"बघ गं. झाली का स्वच्छ?"

बाहेर डॉक्टरीणबाई भाजीची पिशवी सावरत रस्ता ओलांडत होत्या.

"झाली, बाबा," ती म्हणाली. "यंत्र बसवा."