कंपाउंडरकाकांची हरकत

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसलात ते सुद्धा पुढे या, कारण ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. एका भल्या माणसाची आणि त्याच्या घराची गोष्ट सांगते. भल्या माणसाची आहे म्हणून गोड असेल, असं मात्र समजू नका.

आमच्या शेजारी कंपाउंडरकाका राहायचे. डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधाची एक छोटी खिडकी होती, तिच्याआड त्यांचा जन्म गेला. बाटलीत औषध ओतायचं, डोस मोजायला कागदाची कातरलेली पट्टी तिच्यावर चिकटवायची, गोळ्या पुडीत बांधायच्या. पलीकडून कोणी म्हणालं, "काका, बाटली आणायला विसरलो," की काका म्हणत, "हरकत नाही." "सुटे नाहीत हो." "हरकत नाही." "मघाशी उगाच तुमच्यावर खेकसलो." "छे छे, हरकत नाही!" एकदा कोणी त्यांच्या नव्या चपला घालून निघून गेलं. काका त्याच्या झिजलेल्या चपला घालून घरी आले आणि काकूंना म्हणाले, "अगं, त्याला गरज असेल."

"आणि तुमचे पाय काय भाड्याचे आहेत?" काकू म्हणाल्या.

देवाने अशी माणसं का घडवली, ते त्यालाच ठाऊक. बरं वाटायचं त्यांच्याजवळ, खोटं कशाला बोलू.

घर मात्र काकूंनी उभं केलं होतं. दिवसभर शिवणयंत्र चालायचं, शाळेचे गणवेश शिवायच्या. त्या शिलाईतून दोन खोल्या झाल्या, मागे मोरी, पुढे बसायला ओटा. नोंद करताना कचेरीत विचारलं, नाव कोणाचं लावायचं? काकूच म्हणाल्या, "यांचंच लावा. मी काय वेगळी आहे?"

काकांच्या भाच्याने छापखाना काढला. कर्ज देणाऱ्या कंपनीत मामाला घेऊन गेला आणि म्हणाला, "मामा, साक्षीदार म्हणून इथे सही कर. इथे पण. इथे पण." मामाने केली. छापखाना बुडाला, भाचा फोन उचलेना, आणि एका सकाळी दारावर नोटीस चिकटली. मामा साक्षीदार नव्हता, जामीन होता. घर तारण होतं, आता वसुलीसाठी विकणार होते.

काकू म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून गेलात आणि नवरदेव होऊन आलात!"

पण त्या रडत बसणाऱ्या नव्हत्या. एक वकीलबाई गाठली, वयाने लहान, बोलायला खमकी. तिने कागद वाचले. "सही फसवून घेतलीय, यावर लढता येईल," ती म्हणाली. "वसुली अधिकारी विचारतील, विक्रीला हरकत आहे का? काका, तुम्ही एवढंच म्हणायचं, आहे. पुढचं सगळं मी बोलते. पण हरकत तुमच्या तोंडून यायला हवी. घर तुमच्या नावावर आहे."

मग घरात तालीम सुरू झाली. काकू यंत्रावर बसल्या बसल्या अधिकारी व्हायच्या.

"हरकत आहे का?"

"आहे."

"औषधाची पुडी देताय का? मोठ्याने!"

"अगं, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

आम्ही ऐकतच होतो. मधली भिंत एकच होती. मनातल्या मनात आम्हीही म्हणायचो, आहे, हरकत आहे.

सुनावणीच्या दिवशी वकीलबाई दुसऱ्याच खोलीत दुसऱ्याच कामात अडकली. काकू तिला आणायला धावल्या. जाताना बजावून गेल्या, "मी येईपर्यंत तोंड उघडू नका." तेवढ्यात काकांचं नाव पुकारलं. कंपनीचा माणूस मोठा लाघवी. त्याने स्वतः खुर्ची पुढे केली, पाण्याचा पेला दिला. काका अर्धे तिथेच विरघळले.

अधिकारी म्हणाले, "वकीलबाई दिसत नाहीत तुमच्या. बाहेर माणसं खोळंबली आहेत. सुरू करायला हरकत नाही ना?"

काकांनी दाराकडे पाहिलं. बाकावर लोक दाटीवाटीने बसले होते, एक बाई तान्ह्याला थोपटत उभीच होती. "हरकत नाही, साहेब."

अधिकाऱ्यांनी कागद वाचला, भरभर, खाली मान घालून. मग म्हणाले, "म्हणजे हरकत नाही, असं लिहून घेऊ ना?"

काकांना वाटलं, अजून सुरू करण्याचंच चाललंय.

"घ्या की."

टायपिस्टने घेतलं. कंपनीच्या माणसाने आपलं पेन पुढे केलं, काकांनी सही केली आणि पेन परत देताना त्याचे आभारही मानले.

वकीलबाई आली तेव्हा सगळं संपलं होतं. ती भांडली, टेबलावर हात आपटला. अधिकारी म्हणाले, "त्यांच्या तोंडात मी शब्द घातले का? सही त्यांची आहे. वर अपील करा. आधी निम्मी रक्कम भरा, मग करा."

"निम्मी रक्कम असती तर तुमचं तोंड कशाला बघितलं असतं?" काकू म्हणाल्या.

काका पुटपुटत होते, "मी सुरू करायला म्हणालो होतो... सुरू करायला..."

काकू त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "लग्न झाल्यापासून तुमच्याकडे एक शब्द मागितला होता. एकच."

पुढे गिऱ्हाइकं घर बघायला येऊ लागली. काकूंनी हार मानली नव्हती. येईल त्याला सांगायच्या, "छत गळतं. मोरी तुंबते. शेजारी तर महाभांडखोर." आम्हीही बिचारे खिडकीत येऊन शक्य तितकं भांडायचो. पण एका गिऱ्हाइकाने काकांना विचारलं, "खरंच गळतं का हो?" आणि काका म्हणाले, "नाही, नाही. पक्कं बांधलंय. हिने उभं राहून बांधून घेतलंय."

त्याच माणसाने घर घेतलं.

ताबा घ्यायला आले तेव्हा सामान बाहेर गेलं, शिवणयंत्र टेम्पोत चढलं, पण काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिल्या. पोलीसबाई दोनदा म्हणाली, "उठा ना, आजी." तिलाही हात लावायला धीर होईना. अख्खी गल्ली दाराशी जमली होती. खरं सांगते, तेवढा वेळ मला वाटलं, घर वाचलं.

मग काका आत गेले. काकूंच्या शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "चल ना. लोक खोळंबलेत."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोणालाच खोळंबू दिलं नाहीत," त्या म्हणाल्या. "मीच तेवढी राहिले." आणि उठल्या. कोणाचा हात धरला नाही.

भाड्याच्या खोलीत त्यांनी काकांना वेळेवर जेवायला वाढलं, आजारपणात पाय दाबले, पण त्यांच्याशी परत बोलल्या नाहीत. काका गेले तेव्हा माणसं मावेनात. काय देवमाणूस होता, म्हणत प्रत्येकजण रडला. कोपऱ्यात काकू कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. बायका कुजबुजल्या, "दगड आहे नुसता." पुढल्या थंडीत काकूही गेल्या. त्यांना पोचवायला आम्ही शेजारचे तेवढे होतो.

देवमाणसाची आठवण काढायला खूप लोक आहेत, त्यांची चिंता नको. तुम्ही हात जोडाल तेव्हा माझ्या त्या काकूंना आठवा. त्यांची हरकत होती, आणि ती कोणी लिहून घेतली नाही.