सात मिनिटांची तार

मित्रांनो, मी एक पोलादी तार आहे. बुटाच्या नाडीएवढी जाड, दोन माणसांएवढी लांब. गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला की तो दाब इंजिनापर्यंत पोचवायचा आणि पाय उचलला की निमूट माघारी जायचं, एवढंच माझं काम. माझं वय छत्तीस वर्षं. त्यात काम केलं ते सात मिनिटं.

बाकीचा काळ मी तिहोमीर मिस्त्रींच्या दुकानातल्या फळीवर गुंडाळून पडले होते. ज्या छोट्या गाड्यांसाठी मला बनवलं, त्या ड्रीना नदीकाठच्या आमच्या गावातून एकेक करून भंगारात गेल्या. तरी मिस्त्री दर वसंतात मला खाली काढून तेल लावत. म्हणत, "थांब गं, तुझीही पाळी येईल." पुढे त्यांचे हात थरथरू लागले. औषध घेऊनही थांबेनात. गिऱ्हाइकं तुटली. तरी तेल लावायला ते विसरले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात गावच्या चौकात जुन्या गाड्यांचा मेळा भरला. लिंडनच्या झाडांखाली टेबलं मांडलेली, भाजलेल्या मिरच्यांचा वास आणि आलुबुखाऱ्याच्या दारूचे पेले. रादिस्लाव आपली पिस्ता रंगाची गाडी, गावात उरलेली तसली शेवटची, घेऊन मिरवत आला आणि चौकातच त्याची ॲक्सिलरेटरची तार तुटली. लोक हसले. गेल्या वर्षी याच मेळ्यात मिस्त्री त्याला सगळ्यांदेखत म्हणाले होते, "रंग झकास आहे. आतल्या तारा तेवढ्या बदल." ते त्याच्या मनात सलत होतं. आता ते खरं ठरलं, म्हणून जास्तच झोंबलं.

"बोलवा त्या म्हाताऱ्याला!" तो ओरडला. मिस्त्री मला हातात धरून आले. मेळ्यासाठी त्यांनी स्वच्छ सदरा घातला होता.

"काय मिस्त्री, किती वेळ लागेल?"

"पूर्वी दहा मिनिटांत बसवायचो."

"मग दहाच! मंडळी, घड्याळ लावा. बघू, तार आधी बसते की मिस्त्री!"

सगळे भोवती जमले. मिस्त्री गुडघे टेकून बसले. मला पुढे ॲक्सिलरेटरपाशी अडकवलं, गाडीखालच्या नळीतून ओढून मागे इंजिनाशी आणलं; या गाड्यांचं इंजिन मागेच असतं. तिथे एका बारीक छिद्रातून मला ओवायचं होतं. त्यांचा हात हुकला. पुन्हा हुकला.

"काका, सुईत दोरा ओवताय का?" खाटीक ग्वोझ्देन म्हणाला.

"आणखी एक पेला द्या त्यांना, म्हणजे छिद्रं दोन दिसतील. कुठल्यातरी एकात जाईल!" मागून कुणीतरी ओरडलं.

मिस्त्रींच्या कपाळावरचा घाम माझ्यावर टपकत होता. पण मित्रांनो, सहाव्या वेळी मी आत गेले. त्यांनी स्क्रू आवळला तो असा, की मी कधीच सुटले नसते. आता माझं चार बोटं टोक बाहेर उरलं होतं. नव्या तारेचं ते उरतंच, आणि कापावंच लागतं. नाहीतर शेजारच्या स्प्रिंगमध्ये अडकतं.

मिस्त्रींनी बाजूला हात नेला. पक्कड तिथे नव्हती. ते मान खाली घालून काम करत असताना रादिस्लावने ती उचलून कोटाच्या खिशात टाकली होती. चार-पाच जणांनी ते पाहिलं. तोंडावर हात धरून हसले.

"पक्कड कुठे गेली? अरे, कुणी पक्कड द्या. टोक कापायचं राहिलंय."

"दहा मिनिटं झाली!"

"रादिस्लाव, ऐक बाबा, दोनच मिनिटं..."

"हरलात मिस्त्री! पुढच्या वर्षी कोट टाचायला या."

त्याने मागचं झाकण आपटलं. बायकोला, विदोसावाला, शेजारी बसवलं आणि भोंगा वाजवत नदीच्या उतारावर गाडी घातली. हवा खायला, मुद्दाम जोरात. चढ आला तेव्हा त्याने पाय तळापर्यंत दाबला. माझं उरलेलं टोक स्प्रिंगमध्ये घुसलं. पाय उचलला, मला माघारी जाता येईना. इंजिन किंचाळत राहिलं. सातव्या मिनिटाला, पुलाच्या वळणावर, गाडी कठड्यावर आदळली.

विदोसावाच्या ओठाला खोक पडली. रादिस्लावचा गुडघा चुरला. त्याला बाहेर ओढताना कोटाच्या खिशातून पक्कड पडली, थेट ॲक्सिलरेटरजवळ, माझ्या पुढच्या टोकापाशी. विदोसावाने ती उचलली. क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

संध्याकाळपर्यंत गावभर एकच बोलणं. थरथरत्या हातांनी माणूस मारला असता म्हाताऱ्याने. ज्यांनी पाहिलं होतं, तेच जास्त मोठ्याने बोलत होते. महिन्याभरात दुकानाला टाळं लागलं. मिस्त्री भंगारवाल्याकडे गेले, मला मोडक्या गाडीतून सोडवून घरी आणलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं. माझं टोक बोटांनी मोजत. चार बोटं. पुन्हा मोजत.

"मागितली होती ना गं मी पक्कड?" मला विचारत. मग काही आठवड्यांनी विचारणं बंद झालं.

शरदात विदोसावा आली. अक्रोडाचा केक घेऊन. मिस्त्री उठून उभे राहिले, खुर्चीला धरून.

"पोरी, मला माफ कर. टोक कापायला विसरलो मी. सगळं आयुष्य यात गेलं, आणि विसरलो."

ती समोरच्या खुर्चीत बसली. तीच पर्स तिच्या मांडीवर होती, त्यावर दोन्ही हात.

"असू द्या काका," ती म्हणाली. "वय झालं की होतं असं."

मिस्त्रींनी तिचे हात हातात घेतले आणि ते रडले. तिने केकचा मोठा तुकडा कापून त्यांच्या बशीत वाढला.

मित्रांनो, कुणी दोन मिनिटं मागितली तर द्या. कुणाचं हत्यार लपवून हसू नका. आणि खरं ठाऊक असेल तर बोला. मी तार आहे, मला बोलता येत नव्हतं. त्या चौकात तर माणसं होती.