निशिगंधाताईंचा रिपोर्ट

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या त्या मासळी कारखान्यात दीप्ती कॉम्प्युटर सांभाळायला रुजू झाली ती अनिलच्या जागेवर. अनिल म्हणजे निशिगंधाताईंचा सख्खा भाचा, मालकांनी कामावरून काढलेला. निशिगंधाताई डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करण्याचं काम, सांभाळत आणि पहिल्या दिवसापासून दीप्तीशी फटकून वागत.

त्यातच सॉफ्टवेअर रेंगाळायला लागलं. एक पावती उघडायला टाकावी आणि चहा पिऊन यावं. बाहेर कोळंबीचा कंटेनर उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय.

"अनिल होता तेव्हा कसं धावायचं गो!" निशिगंधाताई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "आता बसा बघत."

दीप्तीने नेटवर्क तपासलं, ते ठीक होतं. सर्व्हरवरही फारसा ताण नव्हता. मग डेटाबेसमध्ये कोण कोणाला अडवतंय ते तिने बघितलं. एकच रिपोर्ट सगळ्यांची वाट अडवून बसला होता. कारखाना सुरू झाल्यापासूनचा सगळा साठा तो दर मिनिटाला नव्याने मोजत होता, आणि चालू होता निशिगंधाताईंच्या कॉम्प्युटरवरून.

ती त्यांच्या टेबलाशी गेली. "ताई, तो साठ्याचा रिपोर्ट बंद करा. त्याच्यामुळे सगळ्यांचं अडलंय."

"नाही करणार. मागे ह्याच सॉफ्टवेअरने माझ्या मालाची नोंद गिळली, आणि मीटिंगमध्ये चोर ठरले मी. आता साठा माझ्या डोळ्यांसमोर राहणार."

"निदान चालू महिन्याचा तरी ठेवा."

"कालची पोर तू, मला शिकवतेस?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. दीप्तीची कानशिलं तापली. निशिगंधाताईंच्या पडद्यावर कंटेनरची नोंद जवळजवळ पुरी भरलेली तिला दिसत होती. ती सेव्ह केलेली नव्हती, तेही दिसत होतं. दीप्ती जागेवर परतली आणि तिने त्यांचं कनेक्शन तोडून टाकलं.

हॉलभर पडदे भराभर उघडायला लागले. अकाउंट्सच्या टेबलावरून "सुटलं एकदाचं!" अशी ओरड झाली. निशिगंधाताई मात्र तरातरा दीप्तीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"माझी अख्खी नोंद गेली. मुद्दाम केलंस तू!"

"बंद करा म्हणून सांगितलं होतं."

"नोंद जाईल हे सांगितलंस?"

तेवढ्यात मॅनेजर सर्वेश केबिनमधून बाहेर आले. "जाऊ द्या हो ताई, सिस्टीम सुरू झाली ना," असं म्हणून त्यांनी दीप्तीला शाबासकी दिली. निशिगंधाताईंनी पहिल्यापासून सगळं पुन्हा भरलं. कंटेनर उशिरा सुटला, आणि त्याचे बोल त्यांनाच ऐकावे लागले.

ती शाबासकी दीप्तीला रात्रभर बोचत राहिली. सकाळी लवकर येऊन तिने तो रिपोर्ट मुळातून दुरुस्त केला. आता तो चुटकीसरशी उघडत होता, कोणालाही अडवत नव्हता. ती पुन्हा त्या टेबलाशी गेली.

"ताई, रिपोर्ट नीट केलाय. दिवसभर उघडा ठेवलात तरी चालेल. आणि काल... नोंद सेव्ह नव्हती ते मला दिसलं होतं."

निशिगंधाताईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "ठाऊक आहे मला. माझ्या खांद्यावरूनच तर बघत होतीस. चल, हेच सर्वेशसाहेबांपुढे बोल."

दीप्तीने केबिनकडे पाहिलं. आत सर्वेश फोनवर हसत होते. तिचे पाय हलले नाहीत.

"मग हो बाजूला," निशिगंधाताई म्हणाल्या. "मला उजेड येत नाही."