रुसकीला ओळखणारा भिंगोबा

मी एक जुना भिंगोबा आहे, मित्रांनो. खरं तर पितळी कड्यात बसवलेली जाड काच. पण माझे पहिले मालक, वनस्पतिशास्त्राचे सर, मला लाडाने भिंगोबा म्हणत. चष्मे करणाऱ्या कारागिराने मला घासून घडवलं आणि सरांनी गळ्यात अडकवलं. त्यांच्या दोन मुली माझ्यावरून कचाकचा भांडत.

त्या दोघींना दोन निळी फुलझाडं फार आवडत. कूळ एक, प्रजाती एक, जाती मात्र वेगळ्या. एक रस्त्याकडेलाही उगवायची, म्हणून तिचं नाव ‘गावभर’. दुसरी दुर्मीळ, फक्त झऱ्याकाठच्या ओल्या मातीत येणारी. ती ‘रुसकी’. गावभरच्या देठावर बारीक लव, रुसकीचा देठ गुळगुळीत. हा फरक मी दाखवायचो.

पुढे थोरली मोठी शास्त्रज्ञ झाली. तिच्याकडे सूक्ष्मदर्शक आला आणि मी ड्रॉवरमध्ये जाऊन पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग झऱ्याकाठी गाड्या लावायला जागा करायचं ठरलं. तिथे दुर्मीळ काही उगवतं का, हे कळावं म्हणून तिथून आलेलं, कागदात दाबून वाळवलेलं झाड थोरलीने तपासलं. “लव दाबताना झडली असेल. गावभरच आहे. टाकू दे भराव.”

“झडली, की मुळात नव्हतीच?” धाकटी उसळली. “ताई, वाळल्यावर दोघी सारख्याच दिसतात. चल, जिवंत झाड बघ.”

“अगं, माझे गुडघे...”

“गुडघ्यांना मी समजावते. ऊठ!”

धाकटीने मला खिशात टाकलं. झऱ्यापाशी थोरली चक्क चिखलात पोटावर आडवी झाली आणि माझ्यातून बघू लागली. तिचा श्वास माझ्या काचेवर जमला.

“रुसकी गं! बाबांनी दाखवलेली.” तिचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण काचेची तशी सोय नाही.

भरावाचे इंजिनिअर आले. “बाई, एवढ्याशा फुलासाठी काम थांबवायचं?”

“गावभर कुठेही राहते हो,” थोरली म्हणाली. “हिला दुसरं घर नाही.” तिने मला त्यांच्या हाती दिलं. ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. गाड्यांची जागा शेवटी दुसरीकडे झाली.

आता मी थोरलीच्या गळ्यात असतो. मित्रांनो, जुन्या काचेला मऊ फडक्याने पुसा, ड्रॉवरमध्ये कोंडू नका. आणि ओल्या मातीत पाय टाकण्याआधी जरा वाकून बघा. तिथे कुणीतरी राहत असेल.