छत्तीसचे बत्तीस

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी शिवणाच्या कात्रीने कधी कागद कापला असेल, तर आधी घरी जाऊन एक धपाटा खाऊन या, मग माझी गोष्ट ऐका. मी कापडाची कात्री. जन्म मेरठचा, पण १९९२ साली रोहिणीअक्काने मला हुबळीच्या दाजीबानपेठेतून धारवाडला आणलं, आणि मी तिथल्या मळमड्डी भागाची झाले.

अक्का बायकांची ब्लाउजं शिवायची. माप घेताना, कापताना तिच्या ओठांत चार-पाच टाचण्या असायच्या, त्यामुळे बोलणं बंद. बायका हसायच्या, "अक्कांकडं सासूचं काय वाट्टेल ते बोला. टाचण्या गिळतील, पण बाहेर सांगणार नाहीत." अक्का नुसतं "हं" म्हणायची. खडूची रेघ आणि माझं पातं, याखेरीज तेव्हा तिला जग नसे. बारा वर्षांत माझ्याखाली एक कापड वाया गेलं नाही. हे सांगताना मला जरा माज येतो, माफ करा.

२००४ मध्ये मोबाइल आला. मान वाकडी करून तो खांद्याशी धरायचा, एका हाताने कापड सारखं करायचं, दुसऱ्यात मी. टाचण्या ओठांत ठेवून बोलता येईना, म्हणून त्या डबीत गेल्या. "दोन्ही कामं एकदम होतात की," अक्का कौतुकाने म्हणायची. मला मात्र तिचा अंगठा सैल लागायचा.

पुढच्या वर्षी भाग्यलक्ष्मी आली, सातव्या महिन्यातली. हातात खण. "आईनं माझ्या डोहाळजेवणाला म्हणून मागंच घेऊन ठेवला होता, अक्का. ती गेली श्रावणात. माया जरा जास्तच ठेवा हं." माया म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड. अक्काने छातीचं माप घेऊन वहीत छत्तीस लिहिलं.

दुसऱ्या दिवशी खण पसरला आणि फोन वाजला. विद्यानगरची एक बाई मुलीचं माप कानडीत सांगत होती, "मूवत्तेरडु." म्हणजे बत्तीस. वहीत छत्तीस, कानात बत्तीस. खडूने कानाचं ऐकलं, आणि मी खडूचं. मित्रांनो, मला आपणहून थांबता येत नाही.

फोन ठेवल्यावर अक्काने टेप लावला. परत लावला. बत्तीसच भरलं. सगळी माया सोडली तरी पुरेना, तेव्हा तिने काखेत दुसऱ्या कापडाचे जोड दिले.

भाग्यलक्ष्मीने जोडावरून बोट फिरवलं. "हे काय हो, अक्का?"

"खण आखूड होता गं."

तिने ब्लाउज घडी करून पिशवीत ठेवलं. "शेवटी शेवटी आईला कळत नव्हतं वाटतं. नाहीतर दुसऱ्यांना सांगायची, चार बोटं जास्तच घ्या म्हणून."

अक्काने तोंड उघडलं. ती खरं सांगणार होती. तेवढ्यात फोन वाजला. अक्काने "एक मिनिट" अशी खूण केली आणि बोलू लागली. भाग्यलक्ष्मी पिशवी घेऊन पायऱ्या उतरून गेली. परत कधी आली नाही.

आता माझी धार गेली आहे, मी चिंध्यांच्या डब्यात असते. मला धार लावून द्या, असं मी म्हणत नाही. मळमड्डीत तुम्हाला भाग्यलक्ष्मी भेटलीच, तर तिला एवढंच सांगा, की आईचं माप बरोबर होतं. आणि सांगताना हातातलं दुसरं काम खाली ठेवा.