जे हललं ते देवाचं

रंगाऱ्याची बायको त्याच्याच घोड्यावरून पडून गेली. घोडा म्हणजे त्याची घडीची लाकडी शिडी. बाहेरच्या खोलीतला पंखा पुसायला ती चढली तेव्हा घरात कोणी नव्हतं. रंगारी आला तेव्हा ती खाली होती आणि घोडा शेजारी आडवा. आधी घोडा सरकला आणि ती पडली, की पडताना तिचा पाय लागून घोडा कलंडला, हे कळायला मार्ग नव्हता.

तेव्हापासून रंगारी कामावर जाताना दुसऱ्याची शिडी मागून न्यायचा. स्वतःची बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकलेली असायची. त्या खोलीतला पंखाही मग कोणी लावला नाही.

मेव्हणी आली की घोड्याकडे पाठ करून बसायची.

"भावोजी, माझी बहीण खाल्ली त्यानं. फोडा आणि जाळून टाका."

"लाकडाला काय कळतं?"

"लाकडाला नसेल कळत. तुम्हाला तरी कळतं का?"

मुलगीही मावशीच्या बाजूची, पण ती तोंडानं बोलत नसे. आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं 'जेवलात का' आणि 'जेवलीस का' यांवर येऊन थांबलं होतं. मुलगी कायदा शिकत होती. घरी आली की पुस्तकात डोकं घालायची.

एका दुपारी तिघं चहा पीत बसली होती. मुलगी एकदम म्हणाली, "बाबा, आज एक इंग्रजी शब्द भेटला. डिओडँड. आता कोणी वापरत नाही. आमच्या सरांनाही तो जुन्या पुस्तकातच भेटलेला."

"खायचा असतो की अंगाला लावायचा?" मावशीनं विचारलं.

"मूळ लॅटिन, मावशी. देवाला द्यायची वस्तू. पूर्वी इंग्लंडात एखाद्या वस्तूमुळे माणूस मेला, तर ती वस्तूच दोषी धरायचे. गाडी असो, बैल असो, नाहीतर झाड. राजा ती जप्त करायचा, किंवा तिची किंमत घ्यायचा. म्हणायला धर्मकार्यासाठी."

"म्हणायला," मावशी म्हणाली. "पण बघा भावोजी, त्यांनाही कळत होतं."

रंगाऱ्यानं कप खाली ठेवला. "आणि मालकाचं काय?"

"मालकाची चूक होती की नाही, हे कोणी विचारत नसे. वस्तू जायची, बस्स."

रंगारी विचारात पडला. चूक कुणाचीच नाही, तरी काहीतरी घरातून जायला हवं. असा कायदा करणाऱ्यांच्या घरात कोणीतरी गेलेलं असणार, असं त्याला वाटलं.

"पूर्ण वस्तू जायची?"

"नाही, तिथंच गोम आहे. जे हललं तेवढं जायचं. उभ्या गाडीच्या चाकावर पाय देऊन चढताना कोणी पडला, तर नुसतं चाक. चालत्या गाडीखाली सापडला, तर गाडी, जनावरं, वरचा माल, सगळं."

"आता का नाही तो कायदा?"

"रेल्वे आली. इंजिनाखाली माणसं मरायला लागली. पंच इंजिनांवर भलामोठा दंड लावायला लागले, तेव्हा कायदाच काढून टाकला."

"म्हणजे गरिबाची गाडी होती तोवर देवाला हवी होती," मावशी म्हणाली.

रंगारी हसला नाही. "हे पंच कोण?"

"आसपासचीच माणसं."

"त्यांनी पडताना पाहिलेलं असायचं?"

"बहुतेक वेळा नाही. जागा बघायचे, चौकशी करायचे आणि ठरवायचे."

रंगारी उठला. "मग आपण तिघं पंच. हलला असेल तर मी माझ्या हातानं फोडतो. नसेल हलला, तर या घरात पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही."

त्यानं घोडा उचलून पंख्याखाली उघडला, जिथं तो त्या दिवशी होता तिथंच. मुलगी धरायला पुढं आली.

"धरू नकोस. तिच्या वेळी कोणी धरला नव्हता."

मुलगी होती तिथं थांबली. रंगारी चढला. वर जाऊन त्यानं अंगाचा भार डावीकडे टाकला, उजवीकडे टाकला. घोडा ढिम्म. त्यानं टाच आपटली. तरी ढिम्म.

"उतरा आता," मावशीचा आवाज चिरकला. "एक गेली तेवढी पुरे."

"थांब गं." तो मागं झुकला. तोल सांभाळायला हात आपोआप वर गेला आणि पंख्याच्या पात्यावर पडला. पातं गर्रकन फिरलं. तो कलला. मुलीनं झेप घेऊन एका हातानं घोडा धरला, दुसऱ्या हातानं त्याचा पाय.

तो पात्यांकडे वाकून बघत राहिला.

"बाबा? हलला का?"

पंख्याची दोन पाती वरून पुसलेली होती, त्यांवर नंतरची पातळ धूळ होती. तिसऱ्यावर जाड धूळ होती. त्या धुळीत चार बोटं उमटली होती, त्याची नव्हे, जुनी, पात्याच्या कडेपर्यंत ओढत गेलेली.

"घोडा नाही हलला," तो म्हणाला. "पंखा फिरला. तिनं पात्याला धरलं होतं. बोटं आहेत इथं."

मावशी खुर्चीत मागं टेकली. तिनं हळूच विचारलं, "मग आता पंखा काढायचा?"

"फिरणं हेच त्याचं काम. त्यानं दुसरं काय केलं?"

ते जुने पंच असते तर त्यांनी पंखा नेला असता. माणसं मोकळी होऊन घरी गेली असती. रंगाऱ्याला त्यांचा हेवा वाटला. त्याच्यापाशी रागवायला आता लाकूडही उरलं नव्हतं.

"मला बघायचंय," मुलगी म्हणाली.

तो उतरला. ती चढली. त्यानं एका बाजूनं घोडा धरला आणि दुसऱ्या बाजूनं मावशीनं, इतके दिवस घोड्याकडे न बघणाऱ्या मावशीनं. मुलीनं आपली बोटं त्या खुणांवर धरली, धुळीला न लावता.

"आईची बोटं माझ्याहून बारीक होती."

"होतीच," रंगारी म्हणाला. "अंगठी दोनदा छोटी करून आणली, तरी निसटायची."

"कसली बारीक! सोनारानं माप चुकवलं होतं," मावशी म्हणाली.

"तू होतीस का तिथं?"

"मीच तर घेऊन गेले होते तिला!"

"बाबा, मला हे कधी सांगितलं नाहीत," मुलगी वरूनच म्हणाली. "कुठली अंगठी?"